भिंतीची तारीख

बुधवार, १७ नोव्हेंबर २०३८. सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी 'मणेर असोसिएट्स'च्या कचेरीत पाकीट फोडले गेले आणि भोगनूर शहरातल्या गोसावी नाल्याच्या संरक्षक भिंतीची तारीख निघाली : १९ मे २०३५.

टेबलाच्या एका बाजूला भिंत बांधणाऱ्या कंत्राटदार शिवलीला बिराजदार बसल्या होत्या. समोर महापालिकेचे विधी अधिकारी अभिजात देवडीकर. मधोमध ॲडव्होकेट तसनीम मणेर, हातात अहवालाचा एकुलता एक कागद. आणि भिंतीला लागून, कपाटाशेजारच्या खुर्चीत, कचेरीचे तांत्रिक सल्लागार सदानंद गोटखिंडे. महापालिकेतून उपअभियंता म्हणून निवृत्त झालेला, एकसष्ट वर्षांचा, मोजकं बोलणारा माणूस.

"मॅडम, एमबीत काय तारीख आहे, तीही एकदा वाचून दाखवा ना," देवडीकर म्हणाले.

एमबी म्हणजे मोजमाप पुस्तक. काम किती झाले हे अभियंत्याने जागेवर टेप लावून मोजायचे आणि या पुस्तकात सहीनिशी लिहायचे. त्याशिवाय कंत्राटदाराचे बिल निघत नाही.

"सत्तावीस मार्च २०३५," मणेरबाईंनी वाचले.

"म्हणजे भिंत मोजली मार्चमध्ये, एकशेदहा मीटर. आणि काँक्रीट ओतलं मेमध्ये." देवडीकरांनी चष्मा पुसला. "मोजणाऱ्याची दृष्टी फार पुढची होती म्हणायचं."

शिवलीलाबाईंनी मान वळवून गोटखिंड्यांकडे पाहिले. ते आपल्या बुटांकडे पाहत होते.

"एक्केचाळीस लाख साठ हजारांचं बिल आम्ही नामंजूर करतो," देवडीकर उठत म्हणाले. "खोट्या मोजमापावर बिल मागितलं म्हणून काळ्या यादीची नोटीस उद्या निघेल. उत्तराला तीस दिवस."

"भिंत उभी आहे साहेब," शिवलीलाबाई म्हणाल्या. "जाऊन हात लावून बघा."

"भिंतीबद्दल आमची तक्रारच नाही. तारखेबद्दल आहे."

मोजमाप पुस्तकाच्या त्या पानावरची सही वेडीवाकडी होती. कोणालाही वाचता येण्यासारखी नव्हती. गोटखिंड्यांना ती वाचायची गरज नव्हती. ती त्यांनीच केली होती.

*

महापालिका आणि कंत्राटदार यांच्यातला पैशाचा वाद भोगनूरमध्ये सरासरी अकरा वर्षे चालत असे. तसनीम मणेर यांच्या कचेरीत तो सरासरी चाळीस दिवसांत मिटू लागला. पाच वर्षांत त्यांच्याकडे तीनशे एकोणीस वाद आले, त्यातले तीनशे दहा मिटले. व्यापाऱ्यांचे वाद यायचे, गोदामवाल्यांचे यायचे, पण नाव झाले ते महापालिकेच्या थकलेल्या बिलांमुळे. फी दोन्ही पक्षांनी निम्मी-निम्मी भरायची. मणेरबाई कोणाच्याच वकील नव्हत्या, मध्यस्थ होत्या. मुंबईहून लोक ही पद्धत पाहायला येत.

पद्धतीच्या मुळाशी एक यंत्र होते. त्याचे अधिकृत नाव लांबलचक होते. महापालिकेतले लोक त्याला 'पंचांग' म्हणत.

सिमेंटमध्ये औष्णिक वीज केंद्रातली राख मिसळतात. या राखेत लोहाचे अतिसूक्ष्म चुंबकीय कण असतात. काँक्रीट ओले असते तेव्हा हे कण होकायंत्राच्या सुईसारखे पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राच्या दिशेने वळायला मोकळे असतात. काँक्रीट घट्ट होऊ लागले की मोठे कण आधी अडकतात, बारीक नंतर. सहा-आठ तासांत शेवटचा कण अडकतो. या अवधीत पृथ्वीचे क्षेत्र काही स्थिर नसते. सूर्य चढतो-उतरतो तसे ते किंचित हलते, सूर्यावर वादळ झाले की दचकते. कोणत्याही दोन दिवसांचे हलणे सारखे नसते. अलिबागच्या वेधशाळेत या हलण्याची नोंद शंभरहून अधिक वर्षे अखंड होत आली आहे. काँक्रीटच्या पोटात अडकलेली रेघ वाचायची आणि अलिबागच्या नोंदीतल्या रेघांशी ताडून पाहायची, एवढेच काय ते काम. पण ती रेघ इतकी पुसट, की हिऱ्याचा संवेदक तयार होईपर्यंत ती कोणाला वाचता आली नव्हती.

सुरुवातीला पंचांग फक्त ऋतू सांगे. गेल्या ऑगस्टपासून ते दिवस सांगू लागले. चूक झालीच तर एका दिवसाची.

यंत्रापेक्षा लोकांचा विश्वास बसला तो मणेरबाईंच्या तीन नियमांवर. एका वादात एकच कोअर, म्हणजे बांधकामातून भोक पाडून काढलेला काँक्रीटचा दंडगोल. कोअरची जागा तांत्रिक सल्लागाराने निवडायची, पक्षकारांनी नाही. आणि पुण्याच्या प्रयोगशाळेतून आलेले पाकीट दोन्ही पक्ष समोर बसल्याशिवाय फोडायचे नाही, त्यांच्याआधी कोणीही ते वाचायचे नाही, खुद्द मणेरबाईंनीही नाही. मध्यस्थीत दिलेला कोणताही कागद याच नियमात येई.

गोसावी नाल्याचा प्रश्न मुळात वर्षाचा होता. नव्या अधिकाऱ्यांना दप्तरात असे आढळले, की हीच भिंत २०३६ साली नाला सुशोभीकरणात दुसऱ्या एका कंत्राटदाराने बांधली आणि त्याचे पैसेही उचलले. मग शिवलीला बिराजदारांनी २०३५ साली बांधली ती कोणती? शिवलीलाबाई तीन वर्षे हेलपाटे घालून शेवटी मणेरबाईंकडे आल्या होत्या.

कोअर घेण्याआधी सल्लागाराला एक फॉर्म भरावा लागतो. 'या कामाशी आपला पूर्वी काही संबंध होता का?' गोटखिंड्यांनी लिहिले होते : नाही.

*

त्याच दिवशी तीन वाजता ते नाल्यावर गेले. शिवलीलाबाई आधीच तिथे होत्या. वय बावन्न, पायात कॅनव्हासचे बूट, पदर खोचलेला. वडील सेंटरिंगचे मिस्त्री होते. फळ्या ठोकता ठोकता या बाईंनी कंत्राटदारीचे लायसन काढले होते आणि आता हाताखाली चौदा माणसे होती.

पुलापासून चार मीटरवर भिंतीला मुठीएवढे भोक होते. गोटखिंड्यांनीच पाडलेले.

"इथं का मारलंत साहेब?" बाईंनी विचारले.

"मार्चमध्ये बारा मीटर झाली होती. शून्य ते बारा. बाकीची एप्रिल-मेमध्ये. म्हटलं, मार्चच्या तुकड्यातला कोअर निघाला म्हणजे वर्षही बसेल आणि तारीखही."

"शून्य ते बारा कुणी सांगितलं तुम्हाला?"

"एमबीत आहे. पहिलीच नोंद."

बाईंनी कपाळावर हात मारला नाही. नुसत्या भोकाकडे पाहत राहिल्या.

"एमबी तुम्ही ऑफिसात बसून लिहिलीत साहेब. आम्ही सुरुवात स्मशानाच्या टोकाकडनं केली होती. पुलाकडं पाण्याची लाईन फुटलेली, मिक्सर उतरत नव्हता. तुम्हीच फोनवर म्हणालात, बाई, जिथनं जमतंय तिथनं धरा."

गोटखिंड्यांना ते आठवले. फोन आठवला, फुटलेली लाईन आठवली, चिखलात रुतलेला मिक्सरही आठवला. फक्त कोअरची जागा ठरवताना यातले काही आठवले नव्हते. तेव्हा त्यांनी पुस्तक उघडले होते आणि पुस्तकात व्यवस्थित, ताठ अक्षरांत लिहिले होते : पुलापासून शून्य ते बारा. तीस वर्षे ज्या पुस्तकांवर शहर चालले त्यातले एक. आपण ते कसे लिहिले होते हे माहीत असूनही त्यांनी त्यावर विश्वास ठेवला.

त्यात चमत्कारिक असे काही नव्हते. भोगनूरमध्ये सगळी कामे मार्चमध्येच पूर्ण होत. अनुदान येई मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात. एकतीस तारखेपर्यंत काम पूर्ण दाखवले नाही तर निधी परत जाई. म्हणून मोजमाप आधी लिहायचे आणि काम नंतर करून घ्यायचे. गोसावी नाल्याचा कार्यादेश २४ मार्चला आला होता. दर पावसाळ्यात नाल्यालगतच्या दीडशे घरांत पाणी शिरत होते. शहर अभियंत्यांचा फोन आला, "गोटखिंडे, एमबी लिहून टाका, काम करून घ्या." त्यांनी लिहून टाकली. मग दोन महिने रोज सकाळी नाल्यावर उभे राहून काम करून घेतले. सळीतले अंतर स्वतः मोजले. ४ जूनला सगळी भिंत पुन्हा टेप लावून मोजली आणि आपल्या डायरीत लिहिली. एकशेदहा मीटर, दहा सेंटिमीटर वर. जुलैत नाला फुगला. घरांत पाणी गेले नाही. त्याच महिन्याअखेर ते निवृत्त झाले, आणि बिलाला हरकतीची जी लाल शाई लागली ती लागलीच.

"दुसरं भोक मारा," बाई म्हणाल्या. "स्मशानाकडं. मी जागा दाखवते. बरोब्बर पंचवीस मार्च निघेल."

"एकाच वादात दोन कोअर घेत नाहीत."

"नियम कुणाचा?"

"मॅडमचा."

"आणि जागा बघून भोक मारायचं, हा कुणाचा?"

त्यांनी वर पाहिले. भिंतीच्या वरच्या कडेवर कोणीतरी गोधडी वाळत घातली होती.

"मी तुम्हाला चोर म्हणत नाही साहेब," बाई म्हणाल्या. "तुम्ही एक रुपया घेतला नाही माझ्याकडनं. चहासुद्धा स्वतःचा स्वतः प्यायचात. पण काळ्या यादीत नाव माझं जाणार. एकदा गेलं की या जिल्ह्यात गटारीचं झाकणसुद्धा मला कुणी बसवू देणार नाही."

*

दुसऱ्या दिवशी नोटीस निघाली. चार वाजता देवडीकरांनी गोटखिंड्यांना महापालिकेत बोलावून घेतले. केबिन तीच होती, जिथे कधीकाळी शहर अभियंते बसत. फक्त टेबलाची दिशा बदलली होती.

"बसा साहेब. साखर चालते ना?"

"कमी."

"सही तुमची आहे हे मला पाकीट फुटायच्या आधीपासून माहीत होतं. सहीखाली शिक्का आहे, शिक्क्याला नंबर आहे, नंबराला रजिस्टर आहे." देवडीकरांनी चहाचा कप त्यांच्याकडे सरकवला. "तुम्ही फॉर्मवर 'नाही' लिहिलंत हेही माहीत आहे. वाईट वाटलं."

"भिंत २०३५ची निघाली," गोटखिंडे म्हणाले. "मग २०३६ साली त्याच भिंतीचे पैसे ज्यानं उचलले—"

"तो विषय आज नाही."

"तोच विषय होता. त्यासाठीच तर कोअर काढला."

"गोटखिंडे साहेब, ती फाईल वेगळ्या विभागाची आहे. मी मागवली आहे. आली की बघू." देवडीकरांचा आवाज चढला नव्हता. "आपण तुमचं बघू. निवृत्त माणसाच्या पेन्शनला हात लावायचा तर घटनेपासून चार वर्षांच्या आत लावावा लागतो. सत्तावीस मार्च २०३९ला चार वर्षं होतात. म्हणजे चार महिने आणि नऊ दिवस. मी मोजलेत."

"आणखी कोण मोजतंय?"

"सध्या मी एकटाच. म्हणून तर चहा पाजतोय."

टेबलावर टाईप केलेला कागद होता. प्रतिज्ञापत्र. कंत्राटदार शिवलीला बिराजदार यांनी दुसऱ्याच एका भिंतीचे फोटो दाखवून दिशाभूल केली, मी सद्भावनेने सही केली, असा मजकूर. खाली गोटखिंड्यांचे पूर्ण नाव, वडिलांच्या नावासह.

"मी इथे सही केली तर?"

"तुम्ही फसलेले अधिकारी. विषय संपला."

"आणि नाही केली? मार्चमध्ये आपण सगळेच एमबी कशा लिहितो, ते सांगितलं?"

देवडीकरांनी खिडकीबाहेर पाहिले. बाहेर महापालिकेची नवी इमारत होती, तिच्या कोनशिलेवर ३० मार्चची तारीख होती.

"तुमच्या आधी-नंतरचे मिळून सतरा उपअभियंते आहेत. त्यातले अकरा निवृत्त आहेत, सहा अजून नोकरीत आहेत. एक माझा सासरा आहे," ते म्हणाले. "पंचांग सगळ्यांसाठीच आहे. बोलण्याआधी एवढा विचार करा."

*

गोटखिंडे घरी पोहोचले तेव्हा त्यांच्या पत्नी विजया शेगडी खोलून बर्नर घासत बसल्या होत्या. गोटखिंड्यांनी सगळे सांगितले. तेहतीस वर्षांच्या संसारात त्यांनी कामाबद्दल इतके सलग कधी सांगितले नव्हते.

"त्या बाईंना पैसे मिळतील?" विजयाबाईंनी विचारले.

"कायद्यात एक कलम आहे. फुकट करायचं नाही अशा हेतूनं कोणी काम केलं आणि दुसऱ्यानं त्याचा फायदा घेतला, तर मोबदला द्यावा लागतो. तारीख खोटी पण काम खरं, असं मी लिहून दिलं, डायरी जोडली, तर कदाचित मिळतील."

"आणि आपली पेन्शन?"

"कदाचित जाईल."

"दोन्हीकडं कदाचित." त्यांनी बर्नरमधून तार फिरवली. "मग एवढा वेळ काय ठरवताय?"

"चार महिने गप्प बसलो तर पेन्शनचं ते 'कदाचित' उरणार नाही, ती वाचेल. पण बाईंना महिनाच आहे."

विजयाबाईंनी दुसरा बर्नर पुढे ओढला.

"तो नदाफ आला होता आठवतो? मागच्या सप्टेंबरात. तुम्ही दारातनंच परत पाठवलात. मी चहा टाकला होता, तो ओतून द्यावा लागला."

गोटखिंड्यांना आठवत होते. दस्तगीर नदाफ, शाळेच्या कुंपणाचा कंत्राटदार. नवीन पंचांगाने त्याच्या कुंपणाची तारीख एप्रिलची काढली होती आणि एमबी मार्चची होती. तो दारात उभा राहून म्हणाला होता, "साहेब, मार्चचं तुम्हाला तरी माहीत आहे. एक शब्द बोला." आणि ते म्हणाले होते, "यंत्र सांगतं ते मी कसं बदलू?" नदाफने बिल सोडून दिले. वाद मिटला. ऑगस्टनंतर असे नऊ वाद मिटले होते. मणेरबाईंच्या तीनशे दहात ते नऊही मोजले जात.

"पीठ मळून ठेवलंय," विजयाबाई म्हणाल्या. "शेगडी जुळवून द्या, मग पोळ्या होतील."

*

सोमवारी सकाळी दहा वाजता त्यांनी मणेरबाईंना सांगितले. बाईंनी मध्ये एकदाही तोडले नाही. बोलणे संपल्यावर त्यांनी कपाटातून फॉर्म काढला आणि त्यांच्यापुढे ठेवला.

"हे 'नाही' तुमचं आहे ना काका?"

"हो."

"आणि जागा तुम्ही मुद्दाम निवडलीत. मार्चची निघावी म्हणून."

"हो. तीही चुकीची निवडली."

"ती बरोबर निवडली असती तर आज तुम्ही इथे आला असता?"

गोटखिंड्यांनी विचार केला. तोंडाशी आलेले उत्तर त्यांना खरे वाटेना.

"नसतो आलो," ते म्हणाले.

मणेरबाई उठून खिडकीशी गेल्या. चव्वेचाळीस वर्षांच्या या बाईंनी पंधरा वर्षे कोर्टात तारखा घेण्यात घालवली होती आणि त्या वैतागातूनच ही कचेरी काढली होती.

"तीनशे दहा तडजोडी," त्या म्हणाल्या. "पंचांग ज्यात वापरलं, त्या प्रत्येक कोअरची जागा तुम्ही निवडलीत. आता मला सांगा, त्यातल्या खऱ्या किती?"

"ही एक सोडून सगळ्या. बाकी कुठं मी हात नाही चालवला."

"हे मला कोणाच्या शब्दावर पटवून घ्यायचं? तुमच्याच ना?"

"आणि ते नऊ," गोटखिंडे म्हणाले. "त्यांच्या जागा मी सरळ निवडल्या. पण मार्चचं मला माहीत होतं. मी बोललो नाही."

"मलाही कोणी सांगितलं नाही. नऊ माणसं माझ्यासमोर बसून हक्काचे पैसे सोडून गेली आणि मी त्याची वर्तमानपत्रात मुलाखत दिली." त्यांनी टेबलाशी येऊन फॉर्म उचलला आणि परत ठेवला. "लोक म्हणतात, मणेरबाईंकडं वाद मिटतात. मिटतात म्हणजे काय होतं, ते मी विचारलंच नाही."

गोटखिंड्यांनी बॅगेतून चार पाने आणि डायरी काढली. प्रतिज्ञापत्र त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिले होते. मार्चची सही, शहर अभियंत्यांचा फोन, ४ जूनचे मोजमाप, फॉर्मवरचे 'नाही', चार मीटरवरचे भोक. क्रम चुकला नव्हता, खाडाखोड नव्हती.

मणेरबाईंनी हात पुढे केला नाही.

"पाकिटात घाला. मी वाचणार नाही. मध्यस्थीत दिलेला कागद दोन्ही बाजू समोर असल्याशिवाय उघडत नाही."

"पण मी तुम्हाला आत्ता सगळं सांगितलंच की."

"ते मी वापरू शकत नाही. एकानं खासगीत सांगितलेलं मी दुसऱ्यापुढं बोलले, तर उद्या या खोलीत कोणी तोंड उघडणार नाही."

"थेट कोर्टात दिलं तर?"

"कोर्टात पुढची तारीख जुलैची मिळेल. नोटिशीची मुदत अठरा डिसेंबरला संपते." त्यांनी डिंकाची बाटली त्यांच्याकडे सरकवली. "आणि काका, उद्यापासून त्या कपाटाशेजारी बसू नका."

*

पाकीट उघडण्यासाठी १ डिसेंबरची तारीख कळवण्यात आली. महापालिकेकडून कोणी आले नाही. ८ डिसेंबरला एक लिपिक आला. त्याच्याकडे अधिकारपत्र नव्हते. तो चहा पिऊन गेला.

शिवलीलाबाईंनी नोटिशीला लेखी उत्तर दिले. महापालिकेने पोच दिली आणि कळवले, की उत्तरासोबत मोजमाप घेणाऱ्या अधिकाऱ्याचे म्हणणे जोडलेले नाही, सबब विचार करता येत नाही. म्हणणे पाकिटात होते. पाकीट उघडायला महापालिका यायला हवी होती. गोटखिंड्यांनी त्याची दुसरी प्रत लिहून आवक विभागात नेऊन दिली. ती 'प्रकरण मध्यस्थीत असल्याने' असा शेरा मारून तिसऱ्या दिवशी परत आली.

२०३६ची फाईल अद्याप दुसऱ्या विभागातून आलेली नाही. गोटखिंड्यांची पेन्शन १ डिसेंबरला नेहमीप्रमाणे जमा झाली. त्यांना अकरापैकी सात निवृत्त उपअभियंत्यांचे फोन आले. त्यातल्या एकाने फक्त तब्येत विचारली.

१० डिसेंबरच्या वर्तमानपत्रात महापालिकेच्या नव्या कामांच्या निविदा छापून आल्या. त्यात एक अट नवीन होती : यापुढील सर्व बांधकामांत राखविरहित सिमेंट वापरणे बंधनकारक राहील. असे सिमेंट पोत्यामागे साठ रुपयांनी महाग पडते. कारण दिलेले नव्हते.

गोटखिंड्यांनी ती जाहिरात कापून मणेरबाईंच्या टेबलावर ठेवली. बाईंनी ती दोनदा वाचली.

"यात राख नाही म्हणजे—"

"कणच नाहीत. रेघच उमटणार नाही. पंचांग कोरं राहील."

"आणि एमबी?"

"एमबी मार्चमध्येच लिहितील."

तिसरी तारीख १५ डिसेंबरची होती, बुधवार. सकाळी अकरा वाजता शिवलीलाबाई येऊन आपल्या जागेवर बसल्या. सोबत त्यांचे दोन गवंडी आले होते, ते जिन्यात थांबले. गोटखिंडे या वेळी कपाटाशेजारी नव्हते. ते बाईंच्या बाजूला, एक खुर्ची सोडून बसले. समोरची खुर्ची रिकामी होती. साडेअकराला मणेरबाईंनी देवडीकरांना फोन लावला. ते बैठकीत होते. सव्वाबाराला परत लावला. बैठक चालू होती.

"मॅडम," शिवलीलाबाई म्हणाल्या, "शनिवारपर्यंत तीन दिवस आहेत. आत काय आहे ते या खोलीत सगळ्यांना माहीत आहे. त्या खुर्चीलाही माहीत आहे."

"मी हे त्यांच्यामागं उघडलं तर उद्या कोणीही येऊन म्हणेल, मणेरबाई पाकिटं फोडतात."

"आणि नाही उघडलं तर?"

मणेरबाईंनी घड्याळाकडे पाहिले.

एक वाजून पाच मिनिटांनी मणेरबाईंनी इथली बैठक संपल्याचे सांगितले. १ आणि ८ डिसेंबरला त्यांनी पाकीट उचलून कपाटात ठेवले होते आणि किल्ली पर्समध्ये टाकली होती. या वेळी कपाट त्यांनी उघडले नाही. पाकीट टेबलाच्या मध्यावर, कागद कापायच्या सुरीशेजारी तसेच राहिले. कोणी उठले नाही.